एका पायाचं कुलूप

३ फेब्रुवारी, मंगळवार

उजवा पाय पुन्हा घसरला. पुलाच्या चढावर. पॅडलवरून सुटला आणि पॅडल नडगीवर असं बसलं की तोंडातून शिवीच गेली. मागून पोस्टमन येत होता, त्याने ऐकली. ऐकू दे.

मी पडले नाही. पडदे पडले — हॉटेलचे, कालच शिवून इस्त्री केलेले. झटकले आणि दिले नेऊन. तिथल्या बाईला म्हटलं, रस्त्यावर धूळ फार उडते हो. तिने मान डोलावली. खोटं बोलायला शाळा लागत नाही.

५ फेब्रुवारी

पाय दुखत नाही. दुखला असता तर बरं. हा नुसता गप्प बसतो, रुसलेल्या जावयासारखा. अंगठ्याला सुई टोचून बघितली. जन्म शिवणात गेला, सुई लागली की बोट कसं उडतं मला ठाऊक आहे. अंगठा जागचा हलला नाही.

मुलाला सांगायचं नाही. सांगितलं की पुढचं सगळं मला पाठ आहे — "आई, सायकल विक, ह्या दोन खोल्या सोड, आमच्याकडे चल." त्याच्याकडची खोली चांगली आहे. खिडकी आहे, पंखा आहे. त्यात बसून मी करू काय? पंख्याकडे बघू? सायकल गेली की दुकानांची कामं गेली. कामं गेली की मी म्हणजे एक जादा खुर्ची. येता-जाता सगळ्यांच्या गुडघ्याला लागणारी.

८ फेब्रुवारी, रविवार

नात आली. सायकलवरून, घामाने निथळत. पायात ते शर्यतीचे बूट — चकचकीत, कडक. जिन्यात खडखड खडखड! चाल बदकाची.

"हे काय, नाल ठोकून घेतलेस का?"

"आजी, तळाला लॉक आहे त्याच्या. पॅडलमध्ये खट्कन बसतं. मग पाय घसरत नाही."

घसरत नाही! माझ्या हातातली कात्री तिथेच थांबली.

"आणि उतरायचं कसं? की जन्मभर फिरत राहायचं?"

"टाच बाहेर वळवायची. सुटतं."

जरा वेळाने, डाळीत खडा बघावा तसं खाली बघत विचारलं, माझ्या मापाचे मिळतात का. ती हसता हसता पलंगावर आडवी झाली. "तुला कशाला गं?" म्हटलं, हौस. हौस म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. म्हातारीचं डोकं फिरलं एवढंच समजतात, ते परवडतं.

११ फेब्रुवारी

नातीबरोबर सायकलच्या दुकानात गेले, घरी बोलायचं नाही या अटीवर. दुकानवाला मला मावशी म्हणतो. माझ्याच वयाचा आहे मेला, केस रंगवून मावशी!

त्याने आधी पांढरे काढले, लाल पट्ट्यांचे. म्हटलं, हे घालून मी हॉटेलात गेले तर पडदे घेतील की पोलीस बोलावतील? मग सॅंडल काढली. लॉकवाली सॅंडल! बोटं उघडी. माझ्या पायाला खडा बोचला तरी कळायचं नाही — पण हे काही तिथे बोलले नाही. नुसतं म्हटलं, नको, थंडी वाजते.

मला हवेत ते साधे दिसणारे. मुलाच्या दारात काढून ठेवले तर सुनेने दुसऱ्यांदा बघू नये असे. आणि फरशीवर वाजायचे नाहीत. सून हुशार आहे, आवाजावरून माणूस ओळखते.

शेवटी एक जोड निघाला. तपकिरी, कॅनव्हासचा, लेसचा. शाळामास्तर घालतात तसला. तळ जाड रबराचा. मध्ये खोलगट जागा, लॉकचा लोखंडी तुकडा त्या खळग्यात बसतो, म्हणून चालताना जमिनीला लागत नाही. घालून दुकानभर फिरले. आवाज नाही! मांजर झाले.

तळ वाकवून बघितला. वाकेना. "मावशी, तो कडकच लागतो. मऊ तळाने जोर वाया जातो." बरं बाबा.

लेस लांब होती, साखळीत जाणार. ते मी बघते म्हटलं. इलास्टिकची एक पट्टी शिवली की टोकं खाली दडपता येतील.

"दोन्हीला लॉक लावू ना?"

"एकालाच. उजव्याला."

"लोक दोन्हीला लावतात."

"लावू देत. माझ्या पायांचं आपसात पटत नाही."

नात माझ्याकडे बघत राहिली. हसली नाही या वेळी. मी तिला बाहेर पिटाळलं, पॅडलचा रंग बघ म्हणून. पॅडलं नवी बसवून घेतली, एका बाजूने लॉकची, एका बाजूने सपाट. डावा पाय मोकळा राहील, थांबताना जमिनीला टेकायला. डाव्यावर माझा भरवसा आहे. तो कधी बोलला नाही, पण कामाला चुकला नाही.

किंमत लिहीत नाही. लाज वाटते.

१२ फेब्रुवारी

दिवसभर शिवत बसले. बुटांकडे बघितलं नाही. असं आपलं म्हणायचं.

१३ फेब्रुवारी

लॉकच्या जागेवर रबराचं झाकण असतं. त्यावर रेघ आखलेली आहे, तिच्यावरून कापून काढायचं. दुकानवाला म्हणाला होता, आणा, मी कापतो. मी म्हटलं, कापायला मला शिकवू नका.

छान कापलं. धारदार पातं, एका दमात. लोखंडी तुकडा लावला, स्क्रू आवळले. आतून हात फिरवून बघितला, टोक वर आलं का म्हणून. नाही आलं. हातानेच बघावं लागतं, पाय सांगणार नाही.

१४ फेब्रुवारी

काय सांगू!

लॉक बसता बसेना. गल्लीच्या तोंडाशी सगळा भार देऊन दाबलं — खट्! बसलं. आणि काय तो आनंद! पाय पॅडलवर असा, जणू तिथेच उगवलाय. चढ चढले, पूल उतरले. बेकरीसमोर सिग्नल लागला. डावा पाय टेकला. उजव्याची टाच वळवली.

सुटेना.

पुन्हा वळवली. कंबर वळली, मान वळली, टाच तिथेच. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न. एक गाडीवाला म्हणतो, "आजी, चला की!" म्हटलं, तू ये, तू ओढ! बेकरीवाला दारात येऊन उभा. हाताला पीठ, तोंडाला हसू.

शेवटी वाकून लेस सोडली आणि पाय बुटातून उपसून काढला. सायकल हातात धरून घरी आले. एका पायात बूट, एका पायात मोजा. दुसरा बूट पॅडलवर आपला डुलतोय, मजेत.

जिन्यात खालच्या मजल्यावरची भेटली. "अगं बाई, बूट कुठाय?"

"सायकलने घातलाय."

१६ फेब्रुवारी

दुकानवाल्याने बूट उलटा केला आणि माझ्याकडे बघितलं. "मावशी, रेघ सोडून आत का कापलं? रबर अडतंय. लॉक सुटणार कसं?"

मग कळलं. आयुष्यात रेघेवर कधी कापलंच नाही. रेघेवर कात्री चालवली तर शिवायला काय उरेल? बोटभर कापड ठेवूनच कापायचं. हाताने बुटालाही बोटभर सोडलं!

"उसवलं तर पुन्हा शिवता यावं म्हणून ठेवलं," असं ठोकून दिलं. तो इतका हसला की मलाही हसू आलं. रबर त्याने नीट कापलं, पॅडलची स्प्रिंग अगदी सैल केली. दुकानासमोर भिंतीला धरून शंभरदा अडकवायला आणि सोडवायला लावलं. पायाला कळत नाही, पण खट् ऐकू येतं. कानाने चालवायची म्हणजे.

"पायाला काही त्रास आहे का मावशी?"

"तुमच्या केसांना आहे तेवढाच."

२० फेब्रुवारी

पूल दोन्ही बाजूंनी चढले. एकदाही घसरला नाही. हॉटेलची चादरी-उशांची कामंही घेतली.

२२ फेब्रुवारी, रविवार

मुलगा-सून आली. बूट दारातच. मला बसवेना. चहा टाकला, साखर विसरले, परत टाकला. मुलगा वाकून बुटाकडे बघतोय!

"नवे का गं? छान आहेत. आरामाचे दिसतात. मलाही असेच हवेत. कितीचा नंबर?" आणि हात घातला उचलायला!

"ठेव खाली! माझ्या बुटात तुझा पाय कधी मावलाय का?"

ठेवला. तळ बघितला नाही. सून म्हणाली, "सासूबाई, चिडायला काय झालं?" म्हटलं, चहा निवतोय.

जाताना नेहमीचं. "आई, ती खोली रिकामीच आहे."

"असू दे. हवा खेळती राहते."

जिन्यापर्यंत गेला, परत वळला. जिन्याचा कठडा हलवून बघितला. पोरगं वाईट नाही. काळजी करायची पद्धत वाईट आहे.

२५ फेब्रुवारी

जमलं! आता चढावर उभी राहून चालवते. पोस्टमनला मागे टाकलं. त्याला म्हटलं, पत्रं माझ्याकडे द्या, लवकर पोचतील.

२७ फेब्रुवारी

सकाळी मशीनवरून उठून दाराशी गेले. परत येताना बघते तर खोलीच्या मध्यावर एक चप्पल पडलेली. कोणाची, म्हणून बघितलं. माझीच. पायातून कधी निघाली, कळलंच नाही.

डावी.

वाकून हाताने पायात चढवली. मग मुलाला फोन लावला. म्हटलं, पायाचा चांगला डॉक्टर बघ.

"काय झालं? कुठला पाय?"

"दोन्ही," म्हटलं.