वरून घेतलेला केक

३ फेब्रुवारी
आज सकाळी आंघोळ-पूजा आटोपून थेट बेकरीत गेलो आणि स्टुलावर उभं राहून केकचा फोटो काढला. बरोबर वरून. बायकोने पहाटे उठून थरांचा केक केला होता, मध्ये क्रीम, जॅम. फोटोत गोल आला. अगदी गोल. ती म्हणाली, अहो, हा केक आहे की कॅरमचा स्ट्रायकर? तिला अँगलमधलं कळत नाही. गावच्या शाळेत गुरुजी नकाशा जमिनीवर अंथरून आम्हाला बाकावर उभं करायचे. जग वरूनच कळतं. देवही वरूनच बघतो. हे तिला सांगितलं. देवाला ऑर्डर द्यायची नसते, म्हणाली.

बेकरी तिची. महिनाअखेरपर्यंत ऑर्डरी वाढल्या नाहीत तर कुलूप लावून परत हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला जाणार, असं तिने ठरवलंय. म्हणजे सगळं माझ्या फोटोंवर आहे. माझा फोटो स्टुडिओ बंद झाल्यापासून एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. तिनेही टाकलेला नाही, पण दुसरं आहे कोण?

७ फेब्रुवारी
फोटो ऑनलाइन टाकले. एक फोन आला. पिझ्झा कितीला, विचारत होता. लोकांची नजरच बिघडली आहे. संकल्प: आणखी उंचावरून.

११ फेब्रुवारी, दुपार
शेजारच्या रंगाऱ्याची शिडी आणली. सँडविच. वरून पावाची एक स्लाइस दिसते, हे खरं. पण स्लाइस उत्तम आली आहे. बायको म्हणाली, आत काय आहे ते बघायला गिऱ्हाइकाने इथे येऊन पाव उचलायचा का?  मग आइस्क्रीमचा केक ठेवला. बटण दाबण्याआधी डोळे मिटून देवाचं नाव घेण्याची माझी जुनी सवय. डोळे उघडले तेव्हा केक वितळून बसला होता. नामस्मरण झालं असेल तर फडकं घ्या, म्हणाली.

१२ फेब्रुवारी
शिडी परत करणार होतो. केली नाही.

१६ फेब्रुवारी
मेहुणा आला. फोन साखरेच्या बरणीला टेकवला आणि खुर्चीत बसल्या बसल्या तसलाच थरांचा केक टिपला. थर दिसतात. कापलेल्या बाजूने जॅम ओघळताना दिसतो. म्हणाला, भाऊजी, माणूस बसून खातो, पंख्याला लटकून नाही. बायको हसली. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसली होती, ते आठवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मेहुण्याला क्षमा केली. संध्याकाळी देवासमोर बसून पुन्हा केली, कारण पहिली टिकली नाही.

२१ फेब्रुवारी
ऑर्डरी वाढल्या. मेहुण्याचा फोटो ऑनलाइन टाकल्याला चार दिवस झाले, पण तो योगायोग. हवा गार आहे, लोकांना गोड खावंसं वाटतं. शिवाय माझ्या आधीच्या फोटोंनी पाया घातलाच होता. हे बायकोला सांगितलं. ती पीठ चाळत राहिली.

२६ फेब्रुवारी
कुलूप लागणार नाही. मोठा बोर्ड छापून आला, त्यावर मेहुण्याने काढलेला केक. तो लावायला माणूस बोलवायचं चाललं होतं. मी म्हणालो, शिडी आहे, मी लावतो. निर्णय माझा.

चढलो. खाली बहीण-भाऊ दोघंही बोर्डाकडे बघत होते. वरून बायकोचा भांग दिसला. दोन्ही बाजूंचे केस पांढरे झालेत. कधी झाले कोण जाणे, रोज समोर तर असते. डोळे मिटून नाव घ्यावंसं वाटलं, पण शिडी हलत होती. ती खालून म्हणाली, डावीकडे कललाय. सरळ केला. मग म्हणाली, आता अजून काय बघताय वरून?

उतरलो. शिडी रंगाऱ्याला देऊन आलो. कॅमेऱ्याचं स्टँडही त्यालाच दिलं, रंगाचे डबे अडकवायला. आणि ऑर्डरींचे केक खोक्यांत भरायला बसलो.