पालकाची सही

सोमवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. चाळिशीत बी.ए.ला प्रवेश घ्यायला गेले आणि खिडकीवर एवढंच विचारलं, फी दोन हप्त्यांत भरता येईल का. क्लार्क म्हणाला, "मॅडम, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो. पालकाची सही पण राहिलीये."

पालकाची? माझ्या फॉर्मवर? फी तर मी पंचवटीत डबे पोचवून भरणार. मिस्टर गावाला गेलेत म्हटलं, तर म्हणे, "मग मुलाची चालेल."

फॉर्म उचलला आणि तशीच निघाले.

घरी आले तर दहावीतला ओंकार चाचणीचा पेपर घेऊन उभा. "आई, पालकाची सही हवीये."

केली. मग त्याच पेनाने माझ्या फॉर्मवरही केली. उद्या नाही म्हणून दाखवू दे त्या क्लार्कला.