पाठभर अंडी असलेला पाणकिडा

प्रिय धाकट्या,

दुकान सांभाळून एकट्याला पोर झेपत नाही, छकुलीला आमच्याकडे पाठवू का, असं तू परवा फोनवर विचारलंस आणि मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. उत्तर आईनं द्यायचं होतं. ते आता मिळालंय, पण आधी तळ्याची बातमी ऐक.

यंदा पाणकिडे भरपूर आहेत. गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे आई काठावर बसते आणि मी कमरेएवढ्या पाण्यात. गवताखालून जाळी कशी ओढायची हे ती तिथून ओरडून शिकवते. या वयात मी बोलणी खातेय, तू मात्र सुटलास! पण तिचे हात बघावेत. चावरा किडा दोन बोटांत असा धरते की त्याला चावायला जागाच मिळत नाही. पंख-पाय काढून, तव्यावर कोरडे भाजून, मीठ-मिरचीबरोबर कुटायला बसली की शेजारीपाजारी काहीतरी निमित्त काढून दारात उभे. शाळेत तुला किडेखाऊ म्हणून चिडवायचे, आठवतं? तू एकेकाला चव दाखवलीस आणि दुसऱ्या दिवसापासून तुझाच डबा तुला पुरेना.

तुझा फोन आल्यापासून छकुलीला कुठे ठेवू नि कुठे नको असं आईला झालं होतं. कोपऱ्यातली खाट झाडून घेतली, छोटी गोधडी उन्हात टाकली. नात येणार म्हणून शेजारी सांगूनही आली. खरं सांगते, मीही हरखले होते.

काल तवा तापला होता आणि टोपली रिकामी करताना तिला तो सापडला, पाठभर अंडी चिकटलेला नर. घाईत माझ्या नजरेतून सुटला होता. मादी त्याच्या पाठीवर अंडी घालून जाते, मग पिल्लं बाहेर पडेपर्यंत तोच ती सांभाळतो, सारखा वर येऊन त्यांना हवा दाखवतो. असा सापडला की आपण पाण्यात सोडतो, तुला ठाऊकच आहे. आईनं त्याला तांब्यातल्या पाण्यात घातलं आणि त्या गुडघ्यांनिशी तळ्याकडे निघाली. एका किड्यासाठी एवढी पायपीट कशाला, म्हणून मी ओरडले. ऐकेल तर ती आई कसली! तो बुडी मारून दिसेनासा होईपर्यंत काठावर बसून राहिली. घरी आली आणि गोधडीची घडी घालून स्वतःच्या पिशवीत भरली.

मग म्हणाली, धाकटा दुकानात मशीनवर कसा बसतो ते पुन्हा सांग. मी सांगितलं. पाठीला छकुली, तिच्या आईच्या ओढणीनं घट्ट बांधलेली. मशीन धडधडतंय, पोर गाढ झोपलीय आणि तुझी शिलाई कुठे रेसभर वाकडी नाही. गेल्या खेपेला हे पाहिलं तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता, बाळा! तोंडावर सांगायचं राहूनच गेलं.

म्हणून हे पत्र. छकुलीला पाठवू नकोस. ती तुझ्यापाशीच राहील, आणि आई तुझ्याकडे राहायला येतेय. ऐन हंगामात तळं सोडून ती कधी कुठे गेली नाही, अगदी तुझ्या लग्नातूनही लगोलग परतली होती. कुटलेल्याची बरणी आणतेय, तुझ्या शेजाऱ्यांपासून जप. आणि ती दारात आली की लगेच पोर तिच्या कडेवर देऊ नकोस. तिनं बजावलंय, आधी तुझ्या पाठीवर बघायचीय.

तुझीच,
ताई