रविवारी बाक बघायला येण्याआधी

मखमलाबाद, नाशिक
मंगळवार, २३ मार्च १९९९

आदरणीय व्याहीबुवा पुंजाजीराव यांना मखमलाबादच्या खंडेरावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (डाव्या अंगठ्याला पट्टी असल्यामुळे हात नीट जुळत नाहीत, पण भाव पूर्ण आहे.) आपली तब्येत कशी आहे? विहीणबाईंचे गुडघे इगतपुरीच्या गारव्यात ठणकत होते, त्यांना आता उन्हाळ्यानं आराम पडला असेल. आमचे होणारे जावई शेखरराव यांची रात्रपाळी संपली का? आमच्याकडे सगळी खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मी खुशाल नाही. ‘येत्या रविवारी येतो, तुमचं कामाचं बाक बघतो आणि पाट कुठवर आलेत तेही बघतो’ हे आपलं पोस्टकार्ड शनिवारी हातात पडलं, तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे. कलाबाईनं (आमची मंडळी) दोनदा ओव्याचं पाणी दिलं. ओव्यानं गॅस जातो, भीती जात नाही. आता पुढचं जे लिहितो ते कृपा करून बसून वाचावं, आणि शक्यतो विहीणबाई शेजारी गेल्या असतील तेव्हा वाचावं.

आपल्याला डिसेंबरातला तो दिवस आठवत असेल. आपण आमच्या सायलीला बघायला आला होता. आता, मुलगी बघायला पाहुणे आले की घरातली प्रत्येक वस्तू मुलीनं केलेली असते, हे आपणही जाणता. (आपल्या धाकटीच्या वेळी आपल्याकडेही असंच झालं असेल, पण मी तसं म्हणत नाही. माफी असावी.) त्याप्रमाणे आमची रंगूबाई आत्या एकेका वस्तूकडे बोट दाखवत होती. तोरण सायलीनं केलं, उशांचे अभ्रे सायलीनं विणले, दारातली रांगोळीही तिचीच. आत्या चांगली रंगात आली होती. तेवढ्यात आपण चहाचा कप खाली ठेवला, समोरचा सागवानी चौरंग एका हातानं तिरपा केला, त्याच्या खालच्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, हे काम कुणाचं? आत्याच्या तोंडात ‘सायली’ आलंच होतं. ते तिनं कसंबसं गिळलं आणि म्हणाली, “मुलीच्या बापाचं!” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. (नुसती मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी पुढे दोन दिवस स्वतःला समजावत होतो.) आपण उठून मला मिठी मारलीत. तीस वर्षं रेल्वेत सुतारकाम केलं, पण लाकडाची आवड असणारा सोयरा आज भेटला, असं म्हणालात. देणंघेणं काही नको, नवरानवरी ज्यावर बसतील ते दोन पाट तेवढे तुमच्या हातचे असू द्या, म्हणालात. आणि सुतार ओळखावा तो त्याच्या बाकावरून, तेव्हा एकदा तुमचं बाक बघायला येईन, हेही म्हणालात. मी म्हटलं, या की! व्याहीबुवा, त्या दिवशी माझ्या घरात बाक नव्हतं, रंधा नव्हता, साधी पटाशीसुद्धा नव्हती. एक हातोडी होती, तीही नारळ फोडायची.

मी मुळात भित्रा माणूस आहे. मी विंचवाला भितो, विहिरीवरच्या मोटारीच्या बटणाला भितो, फूलबाजारातल्या दलालाला तर फारच भितो. आमचा सगळा व्यवहार गुलाब आणि शेवंतीचा. कुदळीला गडी, खुडायला बाया, आणि माझ्या हातात फार तर कात्री. अशा माणसानं चार महिन्यांत सुतार कसं व्हावं? पण लग्न मोडायची भीती बाकी सगळ्या भीतींहून मोठी निघाली, म्हणून मी ज्यानं तो चौरंग खरोखर केला त्या बुधा मिस्त्रीला जाऊन गाठलं. हा पेठकडचा म्हातारा, पेठ रोडला पत्र्याच्या शेडमध्ये एकटा काम करतो. सत्तरीचा आहे, अंगानं काटकुळा, आणि आवाज असा की मी पहिले दोन दिवस दारातूनच परत आलो. तिसऱ्या दिवशी त्यानंच हाक मारून आत घेतलं. मी सगळी हकीकत सांगितली. तो चौरंग दुसऱ्याच्या नावावर गेला याचं त्याला काही वाईट वाटलं नाही. तो एवढंच म्हणाला, “मंग शिक. बस खाली.”

खाली बस म्हणजे खरोखरच खाली. आपण रेल्वेत उभ्यानं काम केलं असेल, शिकंज्यात लाकूड धरून. आमचा बुधा मिस्त्री भुईवर बसतो आणि लाकूड पायांनी धरतो. दोन्ही पायांच्या बोटांत फळी आवळायची आणि हातातला वाकस आपल्याच पायांच्या दिशेनं हाणायचा! वाकस म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको, पण मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. कुदळीसारखं आडवं बसवलेलं त्याचं पातं अंगठ्यापासून बोटभर अंतरावर येऊन थांबतं आणि ढलपी उडते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मग त्याची पावलं नीट बघितली तर डाव्या पायाची करंगळी अर्धीच. बाकीची अर्धी कुठे गेली, असं मी भीत भीत विचारलं. “शिकताना गेली. शिकल्यावर नाय गेली,” म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी शेतातले गमबूट घालून गेलो. त्यानं ते शेडच्या बाहेर फेकले. बुटानं धरलं तर लाकूड हललेलं कळत नाय, असं त्याचं म्हणणं. मी अनवाणी बसलो, आणि व्याहीबुवा, खोटं नाही सांगत, (आता खोटं सांगायचं धाडस उरलेलं नाही) पहिले आठ दिवस मी वाकस उचलायचो, पायांकडे बघायचो आणि परत खाली ठेवायचो. आठ दिवसांत एक ढलपी निघाली नाही. घरी रात्री पाय पांघरुणात ओढून घेऊन झोपायचो.

तेव्हा खरं सांगायचं तर बाक करायचं मी मनापासून ठरवलं ते आपल्याला दाखवण्यासाठी कमी आणि पायाची बोटं वाचवण्यासाठी जास्त. कंबरेइतक्या उंचीवर लाकूड गेलं की पाय सुटले, असा माझा हिशोब. बुधा मिस्त्रीला तो पटेना. भुई असताना बाक कशाला, असं म्हणून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शेवटी मी आमची जुनी बैलगाडी दाखवली. फुलांना टेम्पो आल्यापासून ती गोठ्यामागे पडून होती. तिचा साटा आणि दांड्या जुन्या बाभळीच्या, वीस वर्षं वाळलेल्या. ते लाकूड बघून म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. मात्र बाभूळ कापताना माझा जीव गेला. मोठ्या करवतीला दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि दुसऱ्या टोकाला यायला कलाबाईशिवाय कुणी तयार होईना. मी ओढायचो तेव्हा तीही ओढायची, मी ढकलायचो तेव्हा तीही ढकलायची. करवत मध्ये वाकून टणकन वाजायची आणि मी मागे उडी मारायचो. मिस्त्री म्हणाला, ओढायचं तेवढं ओढा, ढकलू कुणी नका, समोरचा घेईल आपोआप. पंचवीस वर्षांच्या संसारात हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. त्यानंतर चार पाय आणि आडव्या पट्ट्या सहा दिवसांत कापून झाल्या. कलाबाई आता शेजारणींना सांगते की बाक तिनंच केलं.

बाक झालं, व्याहीबुवा. हे मात्र खरं आहे. खिळा एकही नाही, सगळे सांधे खाच पाडून ठोकून बसवलेले. वरची फळी आंब्याची, चार बोटं जाड. एक सांधा जरा उघडा राहिला आहे, तिथे मी पाचर मारली आहे. ती आपल्याला दिसेलच, म्हणून आधीच सांगून टाकतो. बाक उभं राहिलं त्या दिवशी मी त्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बुधा मिस्त्रीला मोठ्या मानानं बोलावलं. तो आला, दोनदा बाकाभोवती फिरला, हातानं हलवून बघितलं. हललं नाही. मग धोतर सावरून तो बाकावर चढला, वर मांडी घालून बसला, फळी पायांत धरली आणि वाकस चालवायला लागला. “लय झ्याक,” म्हणाला. “वारा लागतो वर.” मी खाली उभा राहून बघत होतो. आता वाकस माझ्या नाकाच्या उंचीवर आला होता.

पण पाट काही होईनात. पाट म्हणजे काय हो, एक फळी आणि खाली दोन पट्ट्या. बाकासारखं राकट काम जमलं आणि हे नाजूक काम मला जमत नाही. रंध्याचं पातं पोटात असतं, दिसत नाही, म्हणून सगळ्या हत्यारांत मी त्या एकालाच भीत नव्हतो. अंगठा सोलला तो त्यातच. पहिला पाट एका कोपऱ्यावर डुगडुगत होता, म्हणून तो कोपरा रंधला. मग दुसरा डुगडुगला, तो रंधला. असं करत करत फळी एवढी पातळ झाली की रंगूबाई आत्या कौतुकानं त्यावर बसली आणि पाटाचे दोन तुकडे झाले. (आत्याला काही झालं नाही. तिला कधीच काही होत नाही.) दुसरा पाट डुगडुगत नाही, पण तो चौकोनी नाही. गुण्या लावून बघितला तर चारपैकी एकच कोन खरा निघाला. तिसऱ्याची फळी अजून बाकावर पडून आहे आणि माझा हात तिच्याकडे जात नाही. मिस्त्रीला म्हटलं, तुम्हीच करून द्या, मी नाव लावतो. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पायांत वहाणा घालून सरळ घरी आलो.

सायली डिसेंबरातल्या त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. रागावलेली नाही, पण पहिल्यासारखी हसत नाही. एकदा बाकापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, त्या पाटावर मी बसणार आहे. तो खोटा असला तर मला बोचेल.” हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली. आपण रविवारी याल, पाट उचलाल, सांध्यावरून अंगठा फिरवाल आणि सगळं ओळखाल. मग आपण काय कराल? लग्न मोडाल? मोडावं असं माझ्याकडून घडलं आहे, मला मान्य आहे. पण पोरीचा यात काही दोष नाही. ती त्या दिवशी आत पोहे वाढत होती, तिला बोलायला कुणी वेळच दिला नाही. पत्रिका छापून आल्या आहेत आणि मी एकही वाटलेली नाही. मला फार भीती वाटते, व्याहीबुवा. एवढी मला वाकसाचीही वाटत नाही.

विहीणबाईंना नमस्कार, शेखररावांना आशीर्वाद. (ते घेतील की नाही ठाऊक नाही, तरी पाठवतो.) चूकभूल पोटात घालावी, आणि पोटात जागा नसेल तर तसं कळवावं.

आपला नम्र आणि घाबरलेला,
खंडेराव

ता. क. पत्राचं मुख्य कारण लिहायचं राहूनच गेलं. आपण निवृत्त झाल्यापासून दर रविवारी हत्यारं पेटीतून काढता, तेल लावता आणि परत ठेवता, असं शेखरराव सायलीला म्हणाले होते. आपल्या जागेत बाक मावत नाही. माझ्याकडे बाक आहे आणि पाट नाहीत. तर येताना ती पेटी आणता येईल का? मुलाच्या बापाला लग्नाआधी मुलीच्या दारात कामाला लावणारा माणूस नाशिक जिल्ह्यात अजून झाला नसेल, कलाबाईला कळलं तर ती मला घराबाहेर काढेल. पण एक पाट आपण करा. दुसरा मला शेजारी उभं राहून शिकवा. तो वाकडा झाला तर त्यावर माझं नाव घाला, सगळ्यांच्या देखत.

ता. क. २. उत्तर पोस्टकार्डावर पाठवू नये. आमचा पोस्टमन वाचतो आणि दारातूनच कलाबाईला वाचून दाखवतो. तिला वाटतंय, मी आहेराच्या साड्यांबद्दल लिहितो आहे.

ता. क. ३. लिफाफा चिकटवायला सायलीकडे दिला तर तिनं ओट्यापाशी उभ्यानं सगळं पत्र वाचून काढलं. मग म्हणाली, बाबा, हे त्यांना माहीत आहे. साखरपुड्याच्या आधीच तिनं एसटीडीवरून शेखररावांना सांगितलं होतं, आणि त्यांनी त्याच संध्याकाळी आपल्याला. म्हणजे साखरपुड्यात आपण पाठीवर थाप मारून “काय मिस्त्री, पाट कुठवर?” असं विचारलंत, ते सगळं ठाऊक असून? मी म्हटलं, मग हे पत्र कशाला, आण इकडे, फाडून टाकतो. तिनं दिलं नाही. म्हणाली, “त्यांना माहीत आहे ते माझ्याकडून. तुमच्याकडून त्यांना अजून काहीच कळलेलं नाही.” मग हा ता. क. मी वेगळ्या चिटोऱ्यावर लिहिला. पत्र तिच्याच हाती पोस्टात पाठवतो आहे. मी स्वतः घेऊन निघालो तर टपालपेटीपर्यंत पोचायचो नाही.