मनाचा रकाना उद्या भरीन

३ मार्च, सोमवार
आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही फार चिडता! चिडू नको तर काय करू? मोठी चादर दोघींनी घडी करायची असते. चार टोकं, चार हात. इतकी वर्षं समोरची दोन टोकं माझ्या धाकट्या बहिणीच्या हातात होती. आता लाँड्रीने तिथे एक नवी उंच बाई, लांबडी, उभी केलीय. तिचे हात छताला, माझे खांद्याला. घडी तिरकी. झटका, पुन्हा धरा, पुन्हा तिरकी. आणि धाकटी तिकडे कॉलरच्या प्रेसवर, माझ्याकडे पाठ करून. एवढंसं बोलले तर तीन आठवडे अबोला!

संध्याकाळी दवाखाना. प्रेशर वाढलंय. नर्सबाई म्हणाल्या, गोळ्या घ्याच, पण माणसाच्या चार गरजा असतात. शरीर, मन, डोकं, आत्मा. एकीला उपाशी ठेवलं की बाकीच्या तिघी भांडतात. म्हटलं, आमच्या माहेरी हेच होतं.

वहीत चार रकाने आखले. उद्यापासून रोज चारही भरायचे. चौथी शिकलेय, पण ठरवलं की करते.

४ मार्च, मंगळवार
शरीर: बसमधून दोन स्टॉप आधी उतरून चालत आले. (एक. पण पिशवी जड होती, म्हणजे दोनच.)
डोकं: साबणाच्या पावडरीच्या पोत्यावरचं सगळं वाचलं. डोळ्यांत गेल्यास पाण्याने धुवा. माहीत होतं.
आत्मा: दहा मिनिटं डोळे मिटून बसले. झोप लागली. आत्म्यालाच लागली असणार, शरीर तर ताठ बसलं होतं.
मन: उद्या.

६ मार्च, गुरुवार
मन: लांबडीशी मोकळेपणाने बोलले. म्हटलं, तुला या जन्मात घडी जमायची नाही. मन हलकं झालं. तिचं माहीत नाही.

तर ती म्हणते, "सख्ख्या बहिणीला काय बोललात ते सगळ्या लाँड्रीला ठाऊक आहे. मला नका शिकवू."

असू दे ठाऊक. लिहूनच ठेवते. धाकटीचा नवरा जाऊन चार महिने झाले. कामावर आली की घडी घालताना रडायची. रोज. मी गप्प राहायचे. त्या दिवशी चादरींचा ढीग लागलेला, सुपरवायझर बाई मागे उभ्या, आणि मी म्हटलं, "पुरे की आता. वाळलेल्या चादरी परत ओल्या करतेस."

खोटं होतं का? झालीच होती ओली. एका कोपऱ्याला. पेल्याच्या बुडाएवढी.

मनाची खूण खोडली.

९ मार्च, रविवार
शरीर: चालत धाकटीच्या घरापर्यंत. जिन्याखाली उभी राहिले. वर तिच्या खिडकीत तिचा टॉवेल वाळत होता. परत चालत आले. दोन खुणा, एक जायची, एक यायची.
मन: अर्धी खूण. अर्ध्या रस्त्यापर्यंत मनापासूनच गेले होते.

घरी हे म्हणाले, वर का नाही गेलीस? म्हटलं, गुडघे. तर म्हणतात, काल माळ्यावर चढलीस तेव्हा कुठे ठेवले होतेस गुडघे? या घरात माझ्या तब्येतीचं कुणाला काही नाही.

डोक्याचं राहिलं. ते दिवसभर चालूच होतं, म्हणून खूण केली.

१२ मार्च, बुधवार
सुपरवायझर बाईंनी सांगितलं, धाकटीने बदली मागितलीय. शहराबाहेरच्या नव्या लाँड्रीत. तिथे घडी मशीनच घालतं, समोर माणूस लागतच नाही. शुक्रवारी एकवीस तारखेला दुपारी अर्ज वर जाणार.

मी म्हटलं, जाऊ दे की, मला काय!

जेवले नाही. शरीर: पोटाला विश्रांती.
आत्मा: बसले होते. आला नाही.

१६ मार्च, रविवार
आज माफी मागायचीच. वाक्य आधी तयार केलं, म्हणजे डोक्याचा रकाना घरीच भरला. चुकलं माझं, राग सोड. चार शब्द. रस्ताभर घोकले. तीन मजले चढले. दार वाजवलं. उघडेना. पुन्हा वाजवलं. मग तोंडातून निघालं ते असं: "दार उघड! माफी मागायला आलेय, आणि ताटकळत काय ठेवतेस?"

आतून म्हणाली, "ताई, माफी मागायला आलीस की वसूल करायला?"

मी म्हटलं, थोरली आहे मी, तीन मजले चढून आलेय, प्रेशर आहे मला. शेजारीण बाहेर येऊन बघायला लागली. तिलाही दोन शब्द सुनावले.

धाकटी दाराच्या अगदी जवळ आली असावी. हळू म्हणाली, "हे गेले तेव्हा तू भांडी घासलीस, पाहुण्यांचं केलंस, सगळं केलंस ताई. माझ्यापाशी नुसती बसली मात्र नाहीस एकदाही. चादर ओली झाली म्हणतेस. तुझं काय ओलं झालं होतं?"

शेजारणीकडे न बघताच जिना उतरले. रकाने भरले नाहीत.

१८ मार्च, मंगळवार
रकाने आखलेच नाहीत आज. चिठ्ठी लिहिली. पाच कागद लागले. पहिल्या चारांत ढिगाची चूक होती, नाहीतर सुपरवायझर बाईंची. उद्या तिच्या ॲप्रनच्या खिशात घालणार. इथे उतरवून ठेवते, नाहीतर मागाहून मीच म्हणेन की असलं काही मी लिहिलं नव्हतं.

"धाकटे, तू रडायचीस आणि मला त्यावर काही करता यायचं नाही. हात रिकामे राहिले की मला राग येतो. तो तुझ्यावर काढला, तोही चारचौघींसमोर. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. येत्या रविवारी येऊन तुझ्यापाशी बसते. तोंड मिटून. मला अवघड जाईल, तुला माहीत आहे, तरी बसते. बदली हवीच असेल तर जा, मी अडवणार नाही. हे खोटं लिहिलं. अडवणार. अर्ज मागे घेतेस की नाही ते शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीच्या आत सांग. बोलायचं नसेल तर नुसती मान हलव. पण माझ्याकडे बघून."