तेलाच्या बाटलीतलं पाणी

गुरुजी, तुम्हाला सांगायची एक गोष्ट मी इतकी वर्षं पुढे ढकलली, की आता ऐकायला तुम्ही नाही आणि विचारायलाही कुणी उरलं नाही. तुमच्यामागे काकूही गेल्या. म्हणून तर लिहायला हात धजावला, हेही कबूल करतो. मी भित्राच. वर्गात तुम्ही हे कधी ओळखलं नाहीत, कारण गणितं माझी बरोबर यायची.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मुंबईत आमच्या प्रयोगशाळेत शिशाच्या जाड भिंतीआड किरणोत्सारी कोबाल्ट ठेवलेला. त्याच्या किरणांखाली पाणी धरायचं आणि पाण्यात काय मोडतं, काय नवं तयार होतं ते मोजायचं, हे आमचं काम. काचसामानाचं सोवळं तर आजीच्या देवघरापेक्षा कडक. तीनदा ऊर्ध्वपातित केलेलं पाणी, भट्टीत भाजलेल्या नळ्या. तेलाचा नुसता हात लागला तरी आकडे भलतेच येतात. दिवाळीत गावी आलो तेव्हा तुमच्या ओसरीवर बसून मी फुशारकी मारली, की कापड रंगवून उरलेलं घाण पाणीसुद्धा या किरणांनी निवळतं, त्यातले जंतू मरतात. तुम्ही चष्मा काढून ऐकत होतात.

आणि महिन्याभरात तुम्ही प्रयोगशाळेच्या दारात उभे! जऊळक्याला गाडी धरून, अकोल्याला बदलून, उपरण्यात बाटली गुंडाळून आलात. बाटली गोडेतेलाची, राखेनं घासलेली, तोंडाला चिंधी कोंबलेली. आत आपल्या गावच्या विहिरीचं पाणी.

"रंगाऱ्याचा हौद इहिरीत झिरपून राह्यला," तुम्ही म्हणालात. "मी म्हनतो हौद हलव, तर लोक म्हनतात मास्तर कायले भांडते. आता तू पाह्य आन् सांग. तू सांगशीन ते मी आयकतो."

माझे सोबती त्या चिंधीकडे बघून हसत होते. मला लाज वाटली, गुरुजी. तुमची लाज वाटली. पाणी दुसऱ्या स्वच्छ बाटलीत आणा, एवढंच सांगायचं होतं. कशी धुवायची तेही समजावता आलं असतं. मी "पाहतो" म्हणालो आणि तुम्हाला घाईघाईनं संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी बाटली मोरीत ओतली. आठ दिवसांनी कार्ड टाकलं, की पाणी तपासलं, वाईट काही नाही. वाईट आहे असं लिहिलं असतं तर पुढे किती वाईट, कशानं वाईट, असे प्रश्न आले असते. चांगलं म्हटलं की विषय मिटतो.

तो कसा मिटला, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. तुम्ही ते कार्ड चावडीसमोर मोठ्यानं वाचलंत. मग रंगाऱ्याच्या दारी जाऊन चारचौघांत हात जोडलेत. आयुष्यात पाटलापुढे न वाकलेला माणूस, आणि बहुधा तुम्हीच बरोबर असताना माफी मागितलीत. दुसऱ्या दिवसापासून हट्टानं त्याच विहिरीचं पाणी घरात भरायला लावलंत, लोकांच्या मनातली शंका फिटावी म्हणून. पुढे दीड वर्षात पोटाच्या दुखण्यानं तुम्ही गेलात. त्या पाण्यानं गेलात की नाही, हे मला ठाऊक नाही. ठाऊक करून घेणं हेच माझं काम होतं.

पुढे मी रंगाच्या पाण्यावर पुष्कळ वर्षं काम केलं. लोक वाखाणतात, मी मान हलवतो.

तुमच्या तेराव्याला उन्हात चालत गावी पोचलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. काकूंनी गडवा भरून पुढे केला.

"घे बाबा," त्या म्हणाल्या. "तूच तपासलेलं पानी हाय."

सगळ्या ओसरीनं माझ्याकडे पाहिलं. त्या घटकेलाही खरं सांगता आलं असतं. हौद तेव्हाही तिथंच होता, बायका त्याच विहिरीवर घागरी भरत होत्या.

मी म्हणालो, "नको काकू, आत्ताच स्टेशनवर पिऊन आलो." गुरुजी, स्टेशनवर मी थेंबभरही पाणी प्यायलो नव्हतो.