आतले आत, बाहेरचे बाहेर

डोंबिवली पूर्व, शनिवार

तीर्थरूप गुणाजीदादास,

मंदाकिनीचा नमस्कार. (वाकून केला असे समज, कंबर धरली आहे, कारण खाली येईल.) रक्तदाब कसा आहे? माजिवड्याच्या पुलाखालून रस्ता ओलांडून फिरायला जातोस असे वहिनींकडून कळले. ते बंद कर.

मानपाड्याच्या आमच्या कॉलेजात निवृत्तीनंतरही मी शिस्त समितीवर आहे, हे तू चारचौघांत सांगतोस. तूर्त सांगू नकोस. झाले असे, की संस्थेने वाचनालयाची इमारत लग्नांना भाड्याने द्यायचे ठरवले आणि मुलांनी आत ठाण मांडले. आमची समिती बसली, चहा झाला, वडे झाले, आणि ठरले की शुक्रवारी दुपारी बाहेरून कुलूप लावायचे आणि जो आत सापडेल त्याने सोमवारी पालकांना आणून हमीपत्र द्यायचे, नाहीतर कॉलेजात पाय ठेवायचा नाही. (पालकांची कल्पना माझी. पालक म्हटले की भलेभले वठणीवर येतात.) तरी शेवटची समज द्यावी म्हणून काल दुपारी मी आत गेले.

आणि इथून पुढचे मला अजून नीट उमगलेले नाही. घोषणा, मोडतोड असे काही असणार या तयारीने मी दारातूनच आवाज चढवला, तर सम्यक नावाचा एक मुलगा (केस कपाळभर) धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, हळू ना प्लीज, मागे स्टडी चाललाय." खरेच चालला होता! एरवी ज्या वाचनालयात ग्रंथपाल आणि पंखा एवढेच असत, तिथे बसायला खुर्ची नव्हती. सान्वी म्हणून एका मुलीने स्वतःची दिली आणि अर्थशास्त्राचे पुस्तक पुढे सरकवले. "मॅडम, आलाच आहात तर हे सांगा ना. यूट्यूबवाला लय फास्ट बोलतो." मी तिला रागवायला गेले होते. रागावत रागावतच मागणीचा नियम शिकवला, मग पुरवठ्याचा, आणि मागे वळून पाहते तो सगळे खोलीभर वह्या उघडून बसलेले.

तेवढ्यात बाहेरून कुलूप लागले. मी खिडकीतून रखवालदाराला हाक मारली. "प्रशांत, अरे मी समितीची!"

"ऑर्डर आहे मॅडम. आतले आत, बाहेरचे बाहेर."

"ती ऑर्डर मीच दिली आहे!"

"मग तर तुम्हाला माहितीच असणार."

सान्वीच्या त्या लाकडी खुर्चीत बसून बसून माझी कंबर धरली, तेव्हा कुठे संध्याकाळी प्राचार्य आले (माझाच जुना विद्यार्थी, तेव्हाही घाबरटच). कुलूप काढून एकेकाचे नाव लिहून घेतले. माझ्यापाशी अडखळले. "बाई, तुमचंही लिहावं लागेल हो. नियम म्हणजे नियम." हे वाक्य त्यांना मीच शिकवले. मुले अजून तिथेच आहेत. मी घरी आले आहे, पण सोमवारी समितीच्या टेबलाच्या कोणत्या बाजूला बसायचे ते कळत नाही. मुलांचे चुकलेच आहे. फक्त नेमके काय, ते सापडत नाही.

वहिनींना नमस्कार. औषधे वेळेवर घे.

तुझी धाकटी बहीण,
मंदाकिनी

ता. क. – आई-अण्णा नाहीत, तेव्हा पालक म्हणून तूच. पत्र हातोहात पाठवते आहे, सोमवारी अकराला ये. शीळफाट्याला अडकशील, लवकर निघ. इस्त्रीचा शर्ट घाल आणि माझी बाजू घेऊन भांडू नकोस. भांडणारे पालक समितीला आवडत नाहीत.

आणखी एक – हमीपत्रात 'माझी पाल्य पुन्हा असे वर्तन करणार नाही' असे छापले आहे. तिथे सही करू नकोस. राष्ट्रीय उत्पन्न शिकवायचे राहिले आहे.